वाऱ्याचा हिशेब मांडणारा माणूस

पारोळ्याच्या परिसरात कपाशीची वेचणी आटोपली की बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग दिसू लागतात. तुरीचे पीक निघाले की त्यात तुराट्यांची भर पडते. यांपैकी बहुतेक काड्या चुलीत जातात. काही मात्र दप्तरासोबत शाळेत पोहोचतात. विज्ञानाच्या तासाला गट पाडले जातात. प्रत्येक गटाला काड्या, सुतळी, जुनी वर्तमानपत्रे, थोडी खळ एवढेच साहित्य मिळते आणि काम सांगितले जाते ते वरवर पाहता अगदी सोपे असते. उंचात उंच मनोरा बांधायचा, त्याच्या माथ्यावर खडूंचा डबा ठेवायचा आणि शेवटी पंखा लावायचा.

असा तास ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला पुढचा क्रम पाठ असतो. पहिला मनोरा चौकोनी चौकटी एकावर एक रचून केलेला असतो. तो डबा ठेवण्यापूर्वीच एका अंगाला कलतो. मग एखाद्याला चौकटीत तिरपी काडी बांधण्याची बुद्धी होते, चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि कलणे थांबते. कागदाचा ताव उभा राहत नाही, पण त्याचीच घट्ट गुंडाळी केली की ती वजन पेलते. गुंडाळी फार लांब झाली तर मात्र मधोमध पोटात वाकते. हे सारे जमले तरी पंखा सुरू होताच निम्म्याहून अधिक मनोरे आडवे होतात, कारण वजनाचा विचार सर्वांनी केलेला असतो आणि वाऱ्याचा कोणीच नाही. अशा वेळी पाठ्यपुस्तकातले किंवा भिंतीवरच्या तक्त्यातले पॅरिसच्या मनोऱ्याचे चित्र दाखवले जाते. तो मनोरा सर्वांना ठाऊक असतो. ज्याचे नाव त्याला मिळाले त्या माणसाचे आयुष्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. उभारणे, कोसळणे आणि वारा या तीन गोष्टींभोवतीच ते सारे आयुष्य फिरले.

गुस्ताव्ह आयफेल यांचा जन्म १५ डिसेंबर १८३२ रोजी फ्रान्समधील दिजों या गावी झाला. वडील पूर्वी सैन्यात होते. घरची सुबत्ता आली ती आईमुळे, कारण दगडी कोळशाचा व्यापार तिने मोठ्या हिमतीने चालवला होता. मुलगा शाळेत विशेष चमकला असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यावर खरा संस्कार झाला तो रसायनांचा कारखाना चालवणाऱ्या मामांच्या घरी. पुढे पॅरिसला जाऊन त्याने देशातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेच्या प्रवेशाची तयारी केली आणि तिथे त्याला प्रवेश मिळाला नाही. नाइलाजाने तो एकोल सांत्रालमध्ये दाखल झाला. तिथेही त्याने निवडला तो विषय रसायनशास्त्र. पदवी घेऊन मामांच्या कारखान्यात जायचे, असा साधा बेत होता. १८५५ साली पदवी हाती आली तेव्हा घरातल्या भांडणामुळे तो दरवाजा बंद झाला होता. लोखंडाच्या बांधकामात ज्याचे नाव अजरामर व्हायचे होते, तो तरुण अशा रीतीने दोन नकार पदरी घेऊन त्या व्यवसायात शिरला. निकालाच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी जे वातावरण असते ते पाहता हा तपशील मुलांपेक्षा पालकांनीच ध्यानात ठेवावा असा आहे.

रेल्वेची साधने आणि पूल तयार करणाऱ्या शार्ल नेप्व्हो यांच्याकडे त्याला काम मिळाले. तो काळ युरोपात रेल्वे पसरण्याचा होता. डोंगर, दऱ्या, नद्या ओलांडायच्या तर पूल हवेत, आणि पूल लवकर व्हावेत तर ते लोखंडाचे हवेत, ही त्या काळाची गरज होती. बोर्दो येथे गारोन नदीवर सुमारे पाचशे मीटर लांबीचा रेल्वेपूल बांधायचे ठरले. त्याच्या बांधकामाची जबाबदारी १८५८ मध्ये आयफेलवर आली तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. वाहत्या पात्रात खोलवर पाया घेण्यासाठी दाबाखालच्या हवेने पाणी बाहेर रोखून धरण्याचे नवे तंत्र तिथे वापरले गेले. १८६० मध्ये पूल पूर्ण झाला. पुढे १८६६ च्या सुमारास पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथे त्याने स्वतःचे कारखाने थाटले. मधल्या काळात, १८६२ मध्ये, त्याचा विवाह झाला होता. पाच अपत्ये झाली. १८७७ साली पत्नीचे अकाली निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. थोरली कन्या क्लेर हिने पुढे त्यांचा संसार सांभाळला.

त्याच वर्षी पोर्तुगालमधील पोर्तो शहराजवळ डोरो नदीवर त्यांच्या कंपनीने बांधलेला मारिया पिया पूल खुला झाला. नदी खोल आणि ओढाळ होती, पात्रात खांब रोवणे शक्य नव्हते. तेव्हा १६० मीटरची एकच लोखंडी कमान दोन्ही काठांकडून अधांतरी पुढे सरकवत मध्यावर जोडण्यात आली. फ्रान्सच्या दक्षिणेकडील गाराबीचा पूल हे याच पद्धतीचे पुढचे पाऊल होते. त्याची कमान १६५ मीटरची आणि उंची सुमारे सव्वाशे मीटर. या पुलांची छायाचित्रे पाहिली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. त्यांत लोखंडापेक्षा मोकळी जागाच अधिक आहे. हे सौंदर्यासाठी केलेले नव्हते. दरीत वारा प्रचंड असतो, आणि भरीव भिंत उभी केली तर तो सारा जोर भिंतीला झेलावा लागतो. जाळी केली तर बराचसा वारा आरपार निघून जातो. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसह नदीत कोसळला आणि गाडीतले सर्व प्रवासी प्राणाला मुकले. त्यानंतर वाऱ्याचा जोर हा अभियंत्याच्या वहीतला तळटिपेचा विषय राहिला नाही. आयफेल मात्र त्यापूर्वीपासूनच त्याच्या मागे लागलेले होते.

न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही आतून आधार आहे तो त्यांच्याच सांगाड्याचा. बार्थोल्दी या शिल्पकाराने तांब्याच्या पातळ पत्र्याचा पुतळा घडवला. समुद्रावरचे वारे सोसणारे लोखंडी हाडांचे काम आयफेल यांच्या कचेरीने केले. १८८६ साली पुतळ्याचे अनावरण झाले. आत डोकावून पाहणाऱ्याला तिथे एक लहानसा मनोराच दिसतो.

आता मोठ्या मनोऱ्याकडे वळायचे तर प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. मनोऱ्याची कल्पना आयफेल यांची नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीला १८८९ साली शंभर वर्षे पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त पॅरिसला भव्य प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी काही विलक्षण असावे, या विचाराने आयफेल यांच्या कचेरीतील मोरिस केक्लँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांनी चार पाय खाली फाकलेल्या आणि वर एकत्र मिळणाऱ्या तीनशे मीटर उंच खांबाचे रेखाटन केले. केक्लँ यांच्या त्या कागदावर जून १८८४ ची तारीख आहे. मालकांनी ते पाहिले, पण त्यांना त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. वास्तुशिल्पी स्तेफान सोवेस्त्र यांनी पायांमध्ये कमानी घालून, मजले दाखवून त्या रांगड्या सांगाड्याला रूप दिले, तेव्हा कुठे आयफेल यांचे मत पालटले. १८ सप्टेंबर १८८४ रोजी तिघांच्या नावे पेटंट घेण्यात आले आणि नंतर त्यांनी दोघा सहकाऱ्यांचे हक्क विकत घेतले. वर्गातही असेच होते. तिरपी काडी बांधावी हे सुचलेले असते कोपऱ्यातल्या एखाद्या अबोल मुलीला, आणि फळ्यावर नाव लागते गटप्रमुखाचे. आयफेल यांच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे की पैसा, जबाबदारी आणि बदनामीची जोखीम या तिन्ही गोष्टी त्यांनी एकट्याने पत्करल्या.

याच १८८४ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकी शिकलेला एक तरुण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचे नाव. नोकरीच्या आरंभीच त्याला खानदेशात पांझरा नदीच्या प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणारा नळांचा वक्रमार्ग बांधण्याचे काम मिळाले, आणि ऐन पावसाळ्यात पूर आलेल्या नदीशी झुंजत त्याने ते केले. पॅरिसचा मनोरा आणि पांझरेचे नळ यांची तुलना करण्याचे कारण नाही. पण लोखंडाच्या आणि गणिताच्या जोरावर निसर्गाशी बोलणी करण्याचा तो काळ आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नव्हता, हे खानदेशातल्या वाचकाला जाणवावे.

मनोऱ्यासाठी १८८६ मध्ये जाहीर स्पर्धा झाली आणि शंभराहून अधिक आराखडे आले. आयफेल यांचे तगडे प्रतिस्पर्धी होते ज्यूल बूर्दे. त्यांना तीनशे मीटरचा मनोरा दगडात बांधायचा होता. दगडाची मर्यादा समजण्यासाठी पारोळेकरांना लांब जायला नको. झाशीच्या राणीच्या घराण्याशी ज्याचे नाते सांगितले जाते, तो अठराव्या शतकातला भुईकोट किल्ला गावातच आहे. त्याचे बुरूज टिकले ते जाडीच्या बळावर. दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून उंची वाढवायची तर खालची जाडी वाढवत न्यावी लागते आणि एका टप्प्यानंतर स्वतःचे वजनच शत्रू होते. त्या वेळी जगातील सर्वांत उंच वास्तू असलेला वॉशिंग्टनचा दगडी स्तंभ १६९ मीटरवर थांबला होता आणि तेवढ्यासाठीही कित्येक वर्षे लागली होती. आयफेल यांनी दगड सोडून घडीव लोखंड घेतले, कारण ते दाब आणि ताण दोन्ही सोसते. दूरच्या गावांना वीज नेणारे लोखंडी मनोरे आज पारोळ्याच्या शेतशिवारांतून रांगेने उभे आहेत, ते याच घराण्यातले.

पायांना ती सुंदर वळणरेषा आली कशी, याचे उत्तर वाऱ्यात आहे. उभ्या खांबाला वारा माथ्यापाशी लहान आणि बुंध्यापाशी मोठा पिळा देतो. प्रत्येक उंचीवर हा उलथवण्याचा जोर किती याचा हिशेब मांडून त्या त्या ठिकाणी पाय किती फाकले पाहिजेत हे ठरवण्यात आले. म्हणजे ती रेषा चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली नसून वाऱ्याने आखून दिलेली आहे. पायांमधल्या मोठ्या कमानींना मात्र फारसे काम नाही. त्या आहेत लोकांच्या डोळ्यांना धीर वाटावा म्हणून.

२८ जानेवारी १८८७ रोजी पाया खणायला सुरुवात झाली. सीन नदीकडच्या दोन पायांसाठी पाण्याच्या पातळीखाली जावे लागले, तिथे बोर्दोचा अनुभव कामी आला. पण खरे काम चालले होते ते लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात. मनोऱ्याचे १८,०३८ भाग. प्रत्येक भागाचे स्वतंत्र रेखाचित्र, प्रत्येक छिद्राची जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत निश्चित केलेली. भाग तिथेच तयार करायचे, काही मीटर लांबीचे तुकडे जोडायचे आणि मग जागेवर आणायचे. एखादे छिद्र जुळले नाही तर ते वर उंचावर कानशीने मोठे करायचे नाही; तुकडा परत कारखान्यात पाठवायचा. एकूण सुमारे पंचवीस लाख रिव्हेट लागले. उंचावर ठोकायच्या रिव्हेटसाठी चौघांची टोळी असे. एकाने रिव्हेट लाल तापवायचा, दुसऱ्याने तो छिद्रात धरून ठेवायचा, तिसऱ्याने त्याचे डोके घडवायचे, चौथ्याने घणाचे घाव घालायचे. रिव्हेट निवताना आकसतो आणि दोन पट्ट्या एकमेकींना करकचून आवळतो. सुतळीची गाठ ओली करून बांधली की वाळल्यावर घट्ट बसते, हे आपल्याकडे खाट विणणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. इथे पाण्याच्या जागी उष्णता होती एवढेच.

सर्वांत नाजूक क्षण आला तो पहिल्या मजल्याशी. चार पाय वेगवेगळे, तिरपे वर आले होते आणि सुमारे पन्नास-साठ मीटरवर त्यांना आडव्या तुळयांनी एकमेकांशी जोडायचे होते. चार पायांची उंची आणि कल यांत थोडाही फरक पडला तर छिद्रे जुळणार नव्हती. त्यासाठी पाय ज्या आधारांवर टेकवले होते तिथे वाळूच्या पेट्या ठेवल्या होत्या. वाळू थोडी सोडली की पाय तसूभर खाली येई. बुंध्याशी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक होते, ते पाय उचलून धरत. अशा रीतीने हजारो टनांचे लोखंड बोटभर इकडे, केसभर तिकडे करत डिसेंबर १८८७ मध्ये जुळवण्यात आले. वाळू! इतक्या मोठ्या यंत्रयुगाच्या स्मारकाचा तोल अखेर साधला तो कोणत्याही नदीकाठी मिळणाऱ्या वस्तूने.

आणखी एक हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. मनोऱ्याच्या लोखंडी सांगाड्याचे वजन सुमारे ७,३०० टन. उंची तीनशे मीटर धरली आणि त्याची तंतोतंत प्रतिकृती त्याच धातूत तीस सेंटिमीटर उंचीची करायची ठरवली, तर लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही हजारपटींनी घटतील. म्हणजे वजन शंभर कोटी पटींनी घटेल. उरतील ते अवघे सात ग्रॅम आणि थोडे वर, दहा रुपयांच्या नाण्याएवढे. मुलांचा तुराट्यांचा मनोरा याच्या कितीतरी पट जड असतो. मनोऱ्याचे सारे लोखंड वितळवून त्याच्या चौरस बुंध्याच्या जागेत ओतले तर तो थर जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा होईल. आयफेल यांच्या कचेरीने जे उभारले त्यात हवा किती आणि धातू किती, हे यावरून समजावे.

विरोध झालाच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात नामवंत लेखक, संगीतकार आणि कलावंतांचे निषेधपत्र प्रसिद्ध झाले. सह्या करणाऱ्यांत मोपासाँ होते, धाकटे द्यूमा होते, संगीतकार गुनो होते. वास्तुशिल्पी शार्ल गार्निए यांचीही सही होती, ज्यांच्यासोबत आयफेल यांनी नीस येथील वेधशाळेचा फिरता घुमट नुकताच बांधला होता. आयफेल यांचे उत्तर संयमी होते. वाऱ्याला तोंड देणारा आकार गणिताने काढला तर तो कुरूप का असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कामगारांनीही उंचीबरोबर धोका वाढतो म्हणून वेतनवाढ मागत १८८८ मध्ये संप केला. वाटाघाटी झाल्या, काही मागण्या मान्य झाल्या, काम पुढे गेले. ३१ मार्च १८८९ रोजी आयफेल हे काही अधिकाऱ्यांसह जिने चढून माथ्यावर पोहोचले आणि त्यांनी राष्ट्रध्वज फडकवला. दोन वर्षे, दोन महिने आणि काही दिवसांत जगातील सर्वांत उंच वास्तू उभी राहिली होती. प्रदर्शनाच्या काळात सुमारे १९ लाख लोकांनी ती पाहिली.

पहिल्या सज्जाखाली चारही बाजूंना ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावे आयफेल यांनी कोरवून घेतली. त्यांत सोफी जेर्मँ हे नाव नव्हते. पत्र्याचे आणि पृष्ठांचे कंपन कसे होते यावरील संशोधनासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने १८१६ साली ज्या विदुषीला पारितोषिक दिले, जिच्या अभ्यासाचा विषय लवचीकपणाच्या शास्त्राशी थेट जोडलेला होता, तिचे नाव धातूच्या या महाकाय सांगाड्यावर नसावे, ही उणीव त्यांच्या कीर्तीला शोभत नाही.

कीर्तीच्या त्या शिखरावरून आयफेल किती झपाट्याने खाली आले, हे फारसे सांगितले जात नाही. पनामा कालव्याच्या कंपनीसाठी पाण्याचे दरवाजे बांधण्याचे प्रचंड कंत्राट त्यांनी १८८७ मध्ये घेतले होते. मनोरा पूर्ण होण्याच्या सुमारासच, १८८९ च्या आरंभी, ती कंपनी बुडाली. लक्षावधी लहान गुंतवणूकदारांची पुंजी गेली. लाचखोरीची प्रकरणे बाहेर आली आणि देश संतापला. आयफेल यांच्यावर निधीच्या गैरवापराचा ठपका आला. फेब्रुवारी १८९३ मध्ये त्यांना दोन वर्षांचा कारावास आणि वीस हजार फ्रँक दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली. त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली, पण मुदतीच्या मुद्द्यावर. ते निर्दोष आहेत असे कोणी जाहीर केले नाही, आणि हा डाग पुढे कायम राहिला.

पण त्याआधीची एक घटना अभियंत्याला अधिक लागणारी होती. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ म्युन्शेनस्टाइन येथे त्यांच्या कंपनीने १८७५ मध्ये बांधलेला रेल्वेपूल १४ जून १८९१ रोजी भरलेल्या गाडीखाली कोसळला. सत्तरांहून अधिक माणसे मेली. हा पूल वाऱ्याने पडला नव्हता. चौकशीत दिसून आले की जाळीतले काही तिरपे भाग दाबाखाली टिकण्याइतके मजबूत नव्हते. वर्गात लांब कागदी गुंडाळी जशी मधोमध पोटात वाकते, तसेच तिथे लोखंडाचे झाले. दाबाखालचा दांडा नेमका केव्हा वाकतो याविषयी त्या काळी वापरात असलेले सूत्र सर्व ठिकाणी लागू पडत नाही, हे या अपघाताच्या अभ्यासातून पुढे आले आणि पुलांसाठी स्वित्झर्लंडमध्ये १८९२ साली देशव्यापी नियम झाले. जगातील सर्वांत उंच मनोरा पाडू न देणाऱ्या माणसाच्या कंपनीचा, नदीवरचा एक साधा पूल पडला होता. आयफेल यांच्या गौरवपर चरित्रांत ही हकीकत दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते ती मनोऱ्याच्या शेजारीच सांगितली पाहिजे.

१८९३ मध्ये आयफेल कंपनीतून बाजूला झाले आणि कारभार केक्लँ यांच्याकडे आला. त्या वेळी आयफेल साठीत होते. याच्यापुढे तीस वर्षांचे आयुष्य उरले आहे आणि त्यातच आपल्या हातून खरे विज्ञान घडणार आहे, याची कल्पना त्यांना नसावी.

मनोऱ्याचा परवाना वीस वर्षांचा होता. १९०९ च्या अखेरीस तो शहराच्या ताब्यात जायचा आणि मग पाडला जाण्याची शक्यता होती. तो वाचवायचा असेल तर त्याचा काही उपयोग दिसला पाहिजे, हे आयफेल यांनी ओळखले होते. माथ्यावर हवामानाची उपकरणे पहिल्या वर्षापासूनच होती. वारा, तापमान, दाब यांच्या नोंदी घेतल्या जात. १८९८ च्या नोव्हेंबरात युजेन द्युक्रते यांनी मनोऱ्यावरून सुमारे चार किलोमीटर अंतरावरील पाँतेओँपर्यंत बिनतारी संदेश पाठवून दाखवला. पुढे आयफेल यांनी लष्करातील अधिकारी ग्युस्ताव्ह फेरिए यांच्या प्रयोगांना मनोरा खुला करून दिला आणि खर्चही स्वतः सोसला. बिनतारी संदेशांचा पल्ला वाढत गेला. एवढा उंच खांब पाडून टाकणे आता लष्करालाच परवडणारे नव्हते. १ जानेवारी १९१० पासून परवाना सत्तर वर्षांसाठी वाढवण्यात आला. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, शत्रूचे बिनतारी संदेश टिपण्यासाठी मनोऱ्यावरचे हेच केंद्र उपयोगी पडले.

त्यांचे स्वतःचे मन मात्र वाऱ्यातच गुंतलेले होते. हवेचा प्रतिकार किती असतो याचे पक्के आकडे त्यांना हवे होते, कारण आयुष्यभर त्यांनी अंदाजावर पूल बांधले होते आणि सावधगिरीने अंदाज वाढवून धरले होते. १९०३ पासून त्यांनी मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे ११५ मीटर उंचीवरून, एका उभ्या तारेच्या आधाराने निरनिराळ्या आकाराच्या पट्ट्या खाली सोडण्याचे प्रयोग केले. पडताना हवा पट्टीला किती अडवते, हे सोबतच्या यंत्रावर आपोआप नोंदले जाई. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्याच मनोऱ्यावरून वस्तू खाली टाकत बसला आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे.

मग त्यांनी प्रश्न उलटा केला. वस्तू हवेतून न्यायची त्याऐवजी वस्तू स्थिर ठेवून तिच्यावर हवा सोडायची. १९०९ मध्ये मनोऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी वाऱ्याचा बोगदा उभारला. विमानविद्या तेव्हा नुकती कुठे रांगत होती. पंखांचे लहान नमुने त्या बोगद्यात टांगून कोणत्या कोनात किती उचल मिळते आणि किती अडथळा होतो, याची मोजमापे घेतली जाऊ लागली. पंखाला वर उचलण्यात खालच्या दाबापेक्षा वरच्या बाजूला निर्माण होणाऱ्या कमी दाबाचा वाटा मोठा असतो, हे त्या मोजमापांतून स्पष्ट झाले. मनोऱ्याजवळचा आवाज आणि गर्दी यांमुळे १९१२ मध्ये ही प्रयोगशाळा शहराच्या ओतय भागात हलवण्यात आली. १९१३ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्यांना लँग्ली पदक दिले ते या कामासाठी, मनोऱ्यासाठी नव्हे.

महायुद्धानंतर त्यांनी ही प्रयोगशाळा देशाच्या स्वाधीन केली. पॅरिसमधील आपल्या घरी २७ डिसेंबर १९२३ रोजी ते वारले तेव्हा त्यांनी वयाची ९१ वर्षे नुकतीच पूर्ण केली होती. लव्हाल्वा-पेरे येथे, जिथे मनोऱ्याचे अठरा हजार तुकडे कापले गेले त्याच गावात, त्यांचे दफन झाले. मनोऱ्यावर नव्या अँटेना बसत गेल्या आणि २०२२ मध्ये त्याची उंची ३३० मीटर झाली. ओतयमधला वाऱ्याचा बोगदाही जतन केलेला आहे. एका बाजूला रुंद तोंड, मध्ये नमुना ठेवण्याची खोली, दुसऱ्या टोकाला हवा ओढून घेणारा भला मोठा पंखा. तुराट्यांचे मनोरे बाकावर मांडून, खडूचा डबा वर ठेवून, ज्या पंख्याचे बटण पारोळ्यातली मुले श्वास रोखून दाबतात, तोच प्रयोग तिथे वर्षानुवर्षे चालला.